मुका सुरुंग

शून्य आधी की एक आधी, यावरून त्या दिवशी मी रत्नागिरीत भर मीटिंगमध्ये भांडले. आता तुम्ही म्हणाल, बालवाडीच्या बाईला भांडायला दुसरं काही मिळालं नाही का? मिळतं हो, पुष्कळ मिळतं. खाऊ वेळेवर येत नाही, फळ्याला रंग नाही, खडू मागून मागून तोंड दुखतं. पण त्या दिवशी आमच्या मुख्यसेविका यमुनाबाईंनी नवीन तक्ता वाटला आणि माझं डोकंच फिरलं. तक्त्यावर ० पासून ९ पर्यंत अंक, एकेका चौकोनात एकेक. एकाच्या चौकोनात एक आंबा, दोनाच्या चौकोनात दोन नारळ, असं करत करत शेवटी नऊ काजू. आणि सगळ्यांच्या आधी शून्य, त्याच्या चौकोनात रिकामी टोपली.

“बाई, पोरांना आधी रिकामी टोपली दाखवायची?” मी उभी राहून म्हटलं. “अहो, हातात काहीतरी असेल तर मोजायला सुरुवात होते ना? शून्य नऊच्या नंतर यायला हवं. दहा लिहायची वेळ आली की सांगायचं, आता अंक संपले, हा गोळा घ्या आणि एकाच्या शेजारी ठेवा.”

“राही, अंक दहा, आणि त्यातला पहिला शून्य. सगळीकडे असंच लिहितात.”

“सगळीकडे म्हणजे कुठे? आमच्या वाडीत कुणी शून्यापासून मोजत नाही.”

सगळ्या बाया हसल्या. यमुनाबाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्या चिडल्या होत्या. “तक्ता भिंतीला लाव आणि वाद घरी जाऊन घाल,” म्हणाल्या. मी तक्त्याची गुंडाळी करून काखोटीला मारली, स्टँडवर आले आणि दुपारच्या एसटीत बसून फाट्यापर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत राहिले. मला सवयच आहे ती. भांडण संपल्यावर मला एकेक नामी उत्तर सुचतं.

हे सगळं शहाऐंशी सालचं, शिमगा नुकताच आटपला होता तेव्हाचं. मुंबईची माणसं परत गेली होती, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून देवळात गेली होती आणि वाडीवर विहिरीचं काम पुन्हा सुरू झालं होतं. विहीर सगळ्या वाडीची. वर तांबडा जांभा लागला तो पहारीने निघाला, पण खाली काळा कातळ लागला आणि पहारी बोथट व्हायला लागल्या. मग सुरुंग लावण्याशिवाय इलाज राहिला नाही. सुरुंग लावायचे आमच्या ह्यांनी. नाव काशीराम. नाव घ्यायला मी लाजत नाही, पण तोंडावर आपलं ‘अहो’च. ठेकेदाराच्या परवान्यावर माल यायचा, कातळात भोकं पाडून हे त्यात दारू ठासायचे, वाती सोडायचे, सगळ्यात शेवटी एकटे खाली राहून वाती पेटवायचे आणि दोराने वर येऊन दगडी गडग्याआड पळायचे.

आणि बार मोजायचे मी. हे माझं काम होतं, दुसऱ्या कुणाला मी ते देत नव्हते. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे बार ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी आला तरी एक सुरुंग न उडता खाली राहिला. वर दगडांचा ढीग, आणि ढिगाखाली तो जिवंत. आमच्याकडे त्याला मुका सुरुंग म्हणतात. तो दिसत नाही, आणि कुणाची पहार त्याच्यावर पडली की मग बोलतो. माझ्या सासऱ्यांशी, भागोजींशी, असाच एक बोलला होता. तरुणपणी. तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच आहे, आणि कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. म्हणून मी पाटी-पेन्सिल घेऊन बसायचे. एक बार, एक रेघ. बार झाले की पाटी ह्यांना दाखवायची, मगच हे खाली उतरायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती आमच्या, आणि मी मोजलेलं कधी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र मी रत्नागिरीला. “आज सुरुंग लावू नका,” मी सकाळी बजावून गेले होते. पण ऐकतील ते आमचे हे कसले!

फाट्यावरून वाडीवर आले तर विहिरीपाशी सगळे गप्प बसलेले. पहारी पडलेल्या, दगड वाहायच्या पाट्या उपड्या. काजूच्या झाडाखाली हे बसले होते, शेजारी मामंजी. बाबल्या उभा होता, म्हणजे आमच्या कामाचा जोडीदार, दोर धरणारा. एरवी त्याची बडबड फाट्यापर्यंत ऐकू येते. तोच गप्प म्हटल्यावर मी पाय उचलला आणि जवळ गेले.

“काय झालं?” मी विचारलं. “अरे, तोंडात गुळणी धरलीय का सगळ्यांनी? काय झालं?”

“वैनी, एक मुका रायला,” बाबल्या म्हणाला. “सात लावलेले. सहाच उडाले.”

“मोजले कुणी?”

“आत्यान.”

आत्या म्हणजे गंगुबाई, मामंजींची धाकटी बहीण. हेदवीकडे दिलेली. दोन-चार वर्षांतून एकदा शिमग्याला माहेरी यायची ती यंदा आली होती आणि राहिली होती. मोठी खमकी बाई. खळ्यावर भात मापायला तिच्या गावात तिलाच बोलवायचे, कारण शंभर मापं झाली तरी तिचं एक माप इकडचं तिकडे होत नसे. मामंजी अभिमानाने सांगायचे, गंगूची मोजणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीच काजूच्या पलीकडे बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, ताठ.

“आत्याबाई, नक्की सहा?”

“सहा म्हंजे सहा. माजी मोजणी कदी चुकली हाय काय गो?”

“तुम्ही नाही मोजलेत?” मी ह्यांच्याकडे वळले.

“मोजत हुतो. मदीच बाबल्याचा रेडा बुजला नि सुटला विहिरीकडं. मी त्याच्या मागं धावलो. चार मोजले नि पुढचं इसरलो.”

“आणि तू रे बाबल्या?”

“मला वैनी पयलं सात वाटले. मग आट वाटले. मी कानात बोटं घातलेली.”

कपाळ माझं! कानात बोटं घालून हा बार मोजतोय. मी त्या दोघांवर जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक दिवस, एक दिवस मी घरात नाही, तर एवढंही होऊ नये? रेडा बांधला नव्हता की बुद्धी बांधली नव्हती? बोलता बोलता माझा आवाज चिरकला. राग कसला, भीती होती ती. मला माहीत होतं आता काय होणार ते.

“मी उतरतंय,” हे म्हणाले. “जेवतंय आणि उतरतंय. उजेड हाय तोवर.”

“आज नको. उद्या बघू. परवा बघू.”

“रात्र काढून काय व्हणार हाय? मुका सुरुंग सकाळी बोलका व्हतो काय? उद्या सगळ्या वाडीच्या बायका पाट्या घेऊन उतरतील. शेजारची हौसा उतरेल, ती दोन जिवांची हाय. त्यांच्यातली कुणाची टिकाव पडली तर? वात मी लावली, तर बघायला पण मीच जायला हवं.”

“लोखंड लावायचा नाय,” मामंजी मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. “हातान एकेक दगड उचलायचा. हळू. माज्यासारखी घाई करायची नाय.” आणि त्यांनी तो दोन बोटांचा हात मांडीखाली घेतला.

ह्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला ते ऐकवत नव्हतं. हातांनी ढीग उपसायचा. प्रत्येक दगड उचलताना खाली तो असेल की नसेल. मी घराकडे निघाले.

घरी आले, तक्ता कोनाड्यात टाकला आणि चुलीपुढे बसले. विस्तव पेटेना. तेवढ्यात आत्याबाई मागून आल्या. “उठ गो, बस तिकडं भिंतीला. मी घालतंय आदण.” एरवी मी त्यांना चुलीपाशी येऊ देत नसे. पाहुणी म्हणून आलेली बाई, माहेरपणाला, तिला कशाला राबवायचं? पण त्या दिवशी मी मुकाट्याने उठले आणि भिंतीला टेकले.

त्यांनी चूल पेटवली, आदण ठेवलं, सूप पुढ्यात घेतलं आणि चिपट्याने डब्यातले तांदूळ मापायला बसल्या. मी बघत होते, पण माझं लक्ष विहिरीकडे. कधी एकदा भात होतो आणि कधी होऊच नये, असं दोन्ही वाटत होतं. आत्याबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. चिपटं भरायचं, हाताने सपाट करायचं, सुपात ओतायचं. सुपात ढीग झाला आणि माझ्यातली सून जागी झाली. नवरा मरणाच्या दारात आणि मला तांदळाची काळजी! पण तसंच असतं माणसाचं.

“आत्याबाई, एवढे कशाला? बाबल्या धरून आपण पाच माणसं, त्यात मी जेवणार नाही.”

“येवडे कुटं गो? चारच चिपटी घेतली.”

“पाच घेतलीत.”

“चार.”

“अहो पाच! मी बघतेय ना समोर बसून!”

“तू नको मला शिकवू,” आत्याबाई तडकल्या. “बालवाडीतली पोरां नाय इथं. लाभ घातला, मग एक, दोन, तीन, चार. चार म्हंजे चार.”

मी तोंड उघडलं ते भांडायलाच. आणि ते तसंच उघडं राहिलं.

आता हे जरा नीट सांगते. लाभ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. चांगलं असतं ते. माझ्या माहेरीही, लांज्याकडे, माझे वडील खळ्यावर तसंच म्हणायचे. पण आमच्याकडे लाभ म्हणजेच एक. लाभ, दोन, तीन, चार. नाव फक्त बदललं, मोजणी तीच. आत्याबाई काय म्हणाल्या? लाभ, मग एक.

“आत्याबाई,” मी जपून म्हटलं. “लाभ झाल्यावर दोन म्हणायचं ना?”

“आमच्यात नाय. आमच्या घरात पयला माप देवाचा. दशभुजा गणपतीचा. देवाला दिला तो आपल्यात कसा मोजायचा? लाभ म्हनून बाजूला ठेवायचा नि मग आपला एक. माजी सासू तसाच मापायची, तिची सासू पन.”

“सगळं असंच मोजता?”

“मग? भात काय, नारळ काय.”

“आणि सुरुंग?”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. चिपटं हातात तसंच. “सुरुंग पन,” त्या म्हणाल्या. “पयला बार देवाचा.”

देवा! पहिला सुरुंग देवाला दिला होता या बाईने!

मी उठले. पदर खोचला की नाही, दार ओढलं की नाही, काही आठवत नाही. कातळावरून अनवाणी धावले. आत्याबाई मागून ओरडत होत्या, “गो राही, झाला काय? तांदूळ जास्त झालं तर झालं!” त्यांना बिचारीला अजून काही कळलंच नव्हतं.

आणि जेवून उतरतो म्हणणारा माझा नवरा जेवायला थांबलाच नव्हता. विहिरीच्या काठावर कमरेला दोर बांधून एक पाय आत सोडून बसला होता. बाबल्याने दोर धरलेला. मी लांबूनच ओरडले, “थांबा! सात झाले! सातही उडाले!”

“कोण म्हनतो?”

“आत्याबाईच म्हणतात!” मी धापा टाकत सांगितलं. लाभ, देव, चिपटी, हेदवीची सासू, सगळं एका दमात. ह्यांना अर्धं कळलं असेल. बाबल्याला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, “म्हंजे देवान एक सुरुंग नेला काय?”

मामंजींना मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं आता ते हसतील. ते हसले नाहीत. “सांगन्यावर नको जाऊस,” ते ह्यांना म्हणाले. “राहीला तुला वाचवायचा हाय म्हनून ती तसा बगनार. गंगूला चूक लागू द्यायची नाय म्हनून ती तसा सांगनार. सुरुंगाला ह्यातला काय कळत नाय.”

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की म्हातारा बरोबर बोलतोय. मी चुकले असेन तर? माझ्या शब्दावर हे निर्धास्त खाली उतरतील, उद्या बायका पाट्या घेऊन उतरतील, आणि एखादी टिकाव पडेल. मगाशी निदान भीती होती, भीतीने माणूस जपून हात घालतो. मी ती भीतीच काढून घेत होते. मुका सुरुंग एक वेळ परवडला, पण ही जोखीम माझ्या जिभेवर होती.

आत्याबाई एव्हाना येऊन पोचल्या होत्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले. “आत्याबाई, देवाची शपथ आहे. बार मोजताना काय केलंत ते जसंच्या तसं सांगा. नुसते तोंडाने मोजलेत?”

“नुसती तोंडान कशाला? खडं ठेवलं. खळ्यावर ठेवतंय तसं. एक माप, एक खडा.”

“कुठेत?”

“असतील तितंच. कोन नेतो?”

काजूच्या पलीकडे त्या बसल्या होत्या तिथे आम्ही सगळे गेलो. जांभ्याचा एक चिरा पडलेला होता. त्याच्यावर तांबड्या खड्यांची एक ओळ, सरळ, जशी खळ्यावर लावतात तशी. मी बोट लावून मोजले. सहा. आणि ओळीपासून बाजूला, चिऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर, एकटा सातवा. त्याच्याजवळ रानातलं एक पिवळं फूलसुद्धा ठेवलं होतं.

“ह्यो देवाचा,” आत्याबाई म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले, पण मी रडले नाही. मला अजून एक विचारायचं होतं, आणि ते विचारायला मला जड जात होतं. “आत्याबाई, हा देवाचा खडा बार ऐकल्यावर ठेवलात, की बसल्या बसल्या आधीच ठेवून दिलात?”

आता कळलं ना मी काय विचारत होते? आधीच ठेवला असेल तर बार सहाच. रिकामी टोपली. माझ्या त्या तक्त्यावरचं शून्य.

आत्याबाई रागाने लाल झाल्या. “बार व्हायच्या आदी देवाला देऊ? फुकट? उचल तो नि बग! तो मी ठेवला काय? तो आपला आपन आला!”

मी तो खडा उचलला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो बाकीच्यांसारखा तांबडा नव्हता. काळा होता. काळ्या कातळाची कपची, एक बाजू धारदार, ताजी फुटलेली.

“पयला बार झाला नि ही विहिरीतून उडून माज्या पुढ्यात पडली,” आत्याबाई म्हणाल्या. “म्हटला, देवानच आपला खडा धाडला. तोच लाभ धरला.”

मामंजींनी हात पुढे केला. मी कपची त्यांच्या तळहातावर ठेवली. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून त्यांनी ती नाकाशी नेली. कान गेले असले तरी नाक शाबूत होतं त्यांचं. उलटी केली, पुन्हा हुंगली, जिभेचं टोक लावलं. चाळीस वर्षं त्या माणसाने दारूचा वास घेतला होता.

“आजची हाय,” ते म्हणाले. “दारू ताजी हाय.” मग ते खाली बसले आणि ओळीतल्या सहा तांबड्या खड्यांच्या सुरुवातीला त्यांनी ती काळी कपची नेऊन ठेवली. “सात,” मामंजी म्हणाले. आणि मग इतक्या मोठ्याने हसले की काजूवरचे कावळे उडाले.

तरी हे खाली उतरलेच. उतरायलाच हवं होतं, खात्री डोळ्यांनी करायची असते. पण आता उतरणं वेगळं होतं. लोखंड न लावता, हातांनी, मामंजींनी सांगितलं तसं ते एकेक भोक शोधत गेले. बाबल्या दोर धरून, मी काठावर पालथी पडून. खालून आवाज यायचा, “ह्यो उडालेला.” थोड्या वेळाने, “ह्यो पन.” उन्हं कलली होती आणि विहिरीत अर्धी सावली आली होती. प्रत्येक वेळी माझ्या छातीवरचा एकेक दगड कुणी उचलतंय असं वाटत होतं. शेवटचा सापडायला उशीर लागला, तो कोपऱ्यात मोठ्या दगडाखाली होता. मग खालून हाक आली. “सातवा पन फुटलाय गो! पार बुडापासून कातळ फोडलान!”

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, मी तिथेच कातळावर बसून हुंदके देऊन रडले. आत्याबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, “आता कशाला रडतंस? आता तर सगळा बरा झाला.” त्याच रडण्यासाठी तर इतका वेळ थांबले होते ना मी!

दोर हलला. काठावर आधी ह्यांचे हात आले, मग धुळीने माखलेलं डोकं. मी डोळे पुसले आणि बघितलं.

“लाभ,” मी म्हटलं.

“काय?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही. जेवायला चला. भात जास्त झालाय.”

आत्याबाईंनी मापलेली ती पाच चिपटी त्या संध्याकाळी पाच माणसांनी भांडं घासून पुसून संपवली. मी जेवणार नव्हते ना, मीच सगळ्यात जास्त जेवले. बाबल्या तर बोटं चाटत म्हणाला की देवाचं चिपटं जरा जास्त गोड लागतं, आणि पुढच्या वेळी दोन चिपटी देवाची घाला. जेवताना आत्याबाईंची फक्त एकच तक्रार होती. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, “पन मग माजी मोजनी चुकली काय?” मामंजी म्हणाले, नाही चुकली. हे म्हणाले, नाही चुकली. शेवटी मलाही म्हणावं लागलं. आणि खरंच, कुठे चुकली होती? त्यांनी एकही बार सोडला नव्हता. त्या कुठून मोजायला लागतात, ते आम्ही विचारलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत तक्ता लावला. शून्य पहिलं. यमुनाबाईंना मात्र हे अजून कळवलेलं नाही. त्यांना कशाला उगाच आनंद?

पुढचे सुरुंग लागले ते आठवड्याने. रेडा दोन दाव्यांनी बांधला. बाबल्याच्या कानांतली बोटं मी स्वतः काढली. चिऱ्याच्या एका बाजूला आत्याबाई खडे घेऊन बसल्या, दुसऱ्या बाजूला मी पाटी घेऊन. हे वाती पेटवून वर आले आणि गडग्याआड येऊन आमच्या शेजारी टेकले. पहिला बार झाला. आत्याबाईंनी खडा बाजूला ठेवला, मी रेघ मारली. मग एकामागून एक बाकीचे झाले. धूर वर गेला आणि कातळावर सगळं शांत झालं.

“किती झालं?” ह्यांनी विचारलं.

“चार,” आत्याबाई म्हणाल्या.

“पाच,” मी म्हटलं.

“बरोबर हाय,” हे म्हणाले, आणि धूर निवल्यावर शीळ घालत दोराला हात घातला.